औषधांमुळे येणारा बहिरेपणा: पहिल्या डोसच्या आधी काय करावे आणि नंतर काय करता येते

काही औषधे रुग्णाचा जीव वाचवतात आणि त्याच वेळी त्याच्या कानाच्या सर्वांत आतल्या भागाला इजा करतात. गंभीर जंतुसंसर्गात इंजेक्शनने दिली जाणारी जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकासिन ही प्रतिजैविके, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, अंगात साठलेले पाणी लघवीवाटे काढून टाकणारे फ्युरोसेमाइड, मलेरियावरचे क्विनाइन आणि मोठ्या मात्रेत घेतलेली नेहमीची अ‍ॅस्पिरिन ही त्यांतली ठळक नावे. यांपैकी एखादे औषध देण्याची वेळ येते तेव्हा रुग्ण आणि त्याच्या घरचे लोक मूळ आजाराच्या काळजीत असतात आणि कानाचा विषय सहसा कोणी काढत नाही. तो काढला जावा, आणि औषधाचा पहिला डोस शरीरात जाण्यापूर्वी काढला जावा, यासाठी हा लेख लिहिला आहे. या बहिरेपणात मेलेल्या पेशी परत आणणारा उपाय अजून हाती आलेला नाही. मात्र चालू असलेले नुकसान वेळीच ओळखण्याची आणि पुष्कळदा ते तिथेच रोखण्याची साधने उपलब्ध आहेत.

नुकसान नेमके कुठे होते, हे आधी पाहू. कानाच्या पडद्यापलीकडे, कवटीच्या हाडात, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी आणि जेमतेम वाटाण्याएवढी एक पोकळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि एका लांबट पातळ पट्टीवर केसपेशी रांगेने बसलेल्या असतात. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,००० केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांनी द्रव हलला की या पेशींच्या माथ्यावरचे केसांसारखे तंतू झुकतात, तिथली अतिसूक्ष्म द्वारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि श्रवणतंत्रिकेमार्फत मेंदूकडे संदेश जातो. आतल्या रांगेतील पेशी मुख्यतः हा संदेश पाठवण्याचे काम करतात, तर बाहेरच्या रांगांतील पेशी स्वतः आखडून आणि लांबून हलक्या आवाजांना जोर देतात. औषधांच्या तडाख्यात बहुधा आधी सापडतात त्या या बाहेरच्या पेशी.

जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, टोब्रामायसिन ही औषधे अमिनोग्लायकोसाइड या एकाच कुळातली आहेत. ज्या द्वारांमुळे आपल्याला ऐकू येते, त्याच द्वारांतून ही औषधे केसपेशीत शिरतात. आत शिरणे जितके सोपे, तितके बाहेर पडणे अवघड असते. रक्तातून औषध काही तासांत मूत्रपिंडावाटे निघून जाते, पण आंतरकर्णात ते त्यानंतरही बराच काळ रेंगाळते. पेशीच्या ऊर्जानिर्मितीत बिघाड होतो, प्राणवायूपासून तयार होणारे घातक रेणू साठत जातात आणि अखेर पेशी मरते. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत मुक्काम याहूनही लांबतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की या औषधातील प्लॅटिनम शरीराच्या इतर बहुतेक भागांतून निघून गेल्यावरही कॉक्लियामध्ये कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे टिकून राहते. उपचार संपल्यावरही काही रुग्णांचे ऐकणे खालावत का जाते, हे या निष्कर्षामुळे बरेचसे उलगडले.

माणसाच्या आणि एकूणच सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियामधील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या उगवतात. औषधाने किंवा मोठ्या आवाजाने कोंबडीच्या कानातील केसपेशी नष्ट झाल्या तर काही आठवड्यांत नव्या पेशी त्यांची जागा घेतात, असे १९८० च्या दशकात आढळले, आणि तेव्हापासून हीच क्षमता माणसाच्या कानात जागवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते अद्याप यशस्वी झालेले नाहीत. त्यामुळे 'बहिरेपणा मुळापासून बरा करतो' असे सांगणाऱ्या गोळ्या, थेंब किंवा तेल यांवर पैसे घालवू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन.

कॉक्लियाच्या पायथ्याकडच्या पेशी उंच स्वराचे आवाज टिपतात आणि टोकाकडच्या पेशी खालच्या स्वराचे. अमिनोग्लायकोसाइड आणि सिस्प्लॅटिन या दोन्हींमुळे होणारे नुकसान पायथ्यापासून सुरू होऊन टोकाकडे सरकते. आवाजाच्या कंपनांची दर सेकंदाची संख्या म्हणजे त्याची कंप्रता; ती हर्ट्‌झमध्ये मोजतात, आणि ती जितकी जास्त तितका स्वर उंच. तरुण, निरोगी कानाला २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि माणसांचे बोलणे समजण्यासाठी लागणारे बहुतेक आवाज ८,००० हर्ट्‌झच्या खाली असतात. म्हणजे सुरुवातीला जे हरवते, ते रोजच्या बोलण्यात लागतच नाही; रुग्णाला काही जाणवत नाही, घरच्यांनाही नाही, आणि "ऐकायला नीट येते ना?" या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे "हो" म्हणतो. नुकसान आणखी खाली सरकले की पहिली झळ व्यंजनांना बसते. स्वरांचा आवाज भारदस्त असतो, तो टिकून राहतो. स, श, फ, थ यांसारखी हवेच्या फुत्काराची व्यंजने पुसट होत जातात. 'साप', 'थाप', 'ताप', 'काप' हे शब्द मग जवळजवळ सारखेच वाटू लागतात. रुग्ण सांगतो की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, विशेषतः चार माणसे एकदम बोलत असतील तेव्हा. या टप्प्यावर तक्रार येईपर्यंत पुष्कळ पेशी गेलेल्या असतात.

यावरचा सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे मोजणी. औषध सुरू होण्याआधी श्रवणतपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना तिच्याशी करता येते. ही तपासणी नसेल तर महिन्याभराने आढळलेला दोष औषधामुळे आला की वयामुळे, की वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम केल्यामुळे आधीपासूनच होता, हे सांगता येत नाही. आणि औषध बदलण्यासारखा मोठा निर्णय अशा अंदाजावर कोणताही डॉक्टर घेणार नाही. तातडीच्या प्रसंगी आधी वेळ मिळाला नाही, तर अमिनोग्लायकोसाइडच्या बाबतीत ७२ तासांच्या आत आणि सिस्प्लॅटिनसारख्या कर्करोगाच्या औषधाच्या बाबतीत २४ तासांच्या आत ही नोंद व्हावी, असा संकेत आहे. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे यंत्राने केलेल्या श्रवणतपासणीत, २५० ते ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज तपासतात. जिथे सोय असेल तिथे त्यावरच्या कंप्रतांची तपासणीही मागून घ्यावी, कारण इशारा तिथेच आधी मिळतो. जे बटण दाबून प्रतिसाद देऊ शकत नाहीत, अशी तान्ही मुले किंवा अत्यवस्थ रुग्ण यांच्यासाठी ओएई नावाची तपासणी आहे. बाहेरच्या केसपेशी काम करत असतील तर त्या स्वतः अतिशय क्षीण आवाज निर्माण करतात. तो कानात ठेवलेल्या सूक्ष्म मायक्रोफोनने टिपला जातो आणि रुग्णाने काही बोलण्याचीही गरज राहत नाही.

पुढच्या तपासण्यांमध्ये बदल केव्हा खरा मानायचा, याचे ठरलेले निकष आहेत. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांनुसार कोणत्याही एका कंप्रतेवर २० डेसिबल किंवा लगतच्या दोन कंप्रतांवर १० डेसिबल घट दिसली, किंवा पूर्वी प्रतिसाद मिळत असलेल्या लगतच्या तीन कंप्रतांवर तो मिळेनासा झाला, तर औषधाचा परिणाम धरून चालतात. मात्र तपासणी पुन्हा करून खात्री करतात. सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक फेरीपूर्वी आणि अमिनोग्लायकोसाइडचा उपचार लांबला तर आठवड्यातून एक-दोनदा अशी तपासणी सुचवली जाते.

सर्वच औषधांचा धोका सारखा नसतो, आणि हा फरक कळला तर विनाकारण वाटणारी भीती कमी होते. अ‍ॅस्पिरिनमुळे होणारा त्रास मोठ्या मात्रेत होतो, त्यात कानात गुणगुण सुरू होते, थोडे कमी ऐकू येते आणि औषध थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत सारे पूर्ववत होते. हृदयविकारासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या छोट्या मात्रेबद्दल घाबरण्याचे कारण नाही. क्विनाइनचेही साधारण असेच आहे. एरिथ्रोमायसिन मोठ्या मात्रेत दिल्यावर होणारी घटही बहुधा तात्पुरती असते. फ्युरोसेमाइड कॉक्लियातील द्रवाचा क्षारांचा समतोल राखणाऱ्या पट्ट्यावर परिणाम करते, केसपेशींवर थेट नाही, म्हणून त्यामुळे आलेला बहिरेपणा बहुतेक वेळा उतरतो. हे औषध शिरेतून फार वेगाने दिल्यास धोका वाढतो, त्यामुळे मोठी मात्रा मिनिटाला ४ मिलिग्रॅमहून जास्त वेगाने देऊ नये अशी मर्यादा आहे. खरा घात होतो तो जोडीने. फ्युरोसेमाइड आणि अमिनोग्लायकोसाइड एकाच काळात दिली गेली तर आंतरकर्णात प्रतिजैविकाचा शिरकाव वाढतो आणि जे नुकसान एकट्या औषधाने कदाचित झाले नसते, ते कायमचे होऊन बसते. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णाला ही दोन्ही औषधे लागण्याची शक्यता अधिक असते, आणि औषध शरीराबाहेर टाकण्याची त्याची क्षमताच कमी झालेली असते. म्हणून आपण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा ताजा अहवाल दाखवणे ही कानाच्या रक्षणाचीच पावले आहेत.

डॉक्टरांच्या हातातही पुष्कळ गोष्टी असतात. तितक्याच परिणामकारक दुसऱ्या औषधाने काम होत असेल तर ते निवडणे, अमिनोग्लायकोसाइड गरजेपेक्षा एक दिवसही जास्त न देणे, रक्तातील औषधाची पातळी मोजून मात्रा ठरवणे आणि रुग्णाच्या शरीरात पाण्याची कमतरता होऊ न देणे, हे त्यांतले मुख्य उपाय. औषधाला प्रतिकार करणाऱ्या क्षयाच्या उपचारात तर धोरणच बदलले. इंजेक्शनच्या औषधांमुळे असंख्य रुग्ण क्षयातून वाचले पण बहिरे झाले. बेडाक्विलिनसारखी तोंडाने घेण्याची औषधे आल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन वापरू नयेत असे सांगितले, आणि अ‍ॅमिकासिन श्रवणाची नियमित तपासणी होऊ शकते अशाच ठिकाणी, दुसरा पर्याय नसताना वापरण्यापुरते उरले. औषधांमुळे येणारा बहिरेपणा औषध बदलून टाळता येतो, याचे मला याहून ठसठशीत उदाहरण माहीत नाही.

काही माणसांच्या बाबतीत मात्र मात्रा योग्य असूनही, रक्तातील पातळी ठरलेल्या मर्यादेत असूनही, अमिनोग्लायकोसाइडच्या मोजक्या डोसनंतर, क्वचित एकाच डोसनंतर, गंभीर बहिरेपणा येतो. त्याचे कारण १९९३ साली सापडले. ही प्रतिजैविके जंतूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. आपल्या पेशींतील ऊर्जा पुरवणारे घटक, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांची स्वतःची अशी यंत्रणा असते आणि ती जंतूंच्या यंत्रणेशी बरीच मिळतीजुळती असते. एमटी-आरएनआर१ या जनुकात एका ठरावीक जागी एकच अक्षर बदलले असेल तर हे साम्य इतके वाढते की औषध आपल्याच पेशीला जंतू समजल्यासारखे तिच्यावर तुटून पडते. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये साधारण ५०० जणांमागे एकात हा बदल आढळतो. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच मिळत असल्यामुळे हा बदल आईकडून तिच्या सर्व मुलामुलींकडे जातो. वडिलांकडून तो येत नाही. आई, मावशी, मामा किंवा आजोळच्या आणखी कोणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी.

नवजात अर्भकाला गंभीर संसर्गाचा संशय येताच तासाभरात प्रतिजैविक द्यावे लागते आणि जेंटामायसिन हे त्यातले नेहमीचे औषध आहे. जनुकतपासणीला काही दिवस लागत, त्यामुळे एवढ्या घाईत ती करणे कल्पनेबाहेरचे होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गालाच्या आतल्या बाजूला फिरवलेल्या बोळ्यावरून सुमारे २६ मिनिटांत हा बदल ओळखणारी तपासणी नवजात अतिदक्षता विभागात वापरून पाहण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. बदल आढळलेल्या बाळांना दुसरे प्रतिजैविक देता आले, आणि तपासणीमुळे उपचाराला उशीर झाला नाही.

सिस्प्लॅटिनच्या बाबतीत पर्यायी औषध दर वेळी नसते. अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळालेल्या या औषधाने वृषणाच्या कर्करोगासारखे आजार बरे होऊ लागले, आणि मुलांच्या अनेक कर्करोगांतही त्याला तोड नाही. एकूण मात्रा जितकी जास्त आणि मूल जितके लहान, तितका बहिरेपणाचा धोका मोठा. डोक्याला किरणोपचार मिळाले असतील तर तो आणखी वाढतो. मुलांसाठी आता एक संरक्षक औषध मिळते. सोडियम थायोसल्फेट हे रसायन सिस्प्लॅटिनला पकडून निष्प्रभ करते. ते सिस्प्लॅटिनसोबतच दिले तर कर्करोगावरचा परिणामही मारला जाईल, म्हणून सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी देतात. तोवर गाठीवरचे काम झालेले असते. यकृताच्या हेपॅटोब्लास्टोमा या कर्करोगाच्या मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले: केवळ सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांचे श्रवण कमी झाले, तर थायोसल्फेटही मिळालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते, आणि कर्करोगाच्या उपचाराचे यश कमी झालेले दिसले नाही. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक महिन्याहून मोठ्या मुलांसाठी या औषधाला मान्यता दिली. ती कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला नसेल अशाच प्रकरणांपुरती आहे, कारण पसरलेल्या आजारात ते कर्करोगाला अभय देईल अशी शंका एका वेगळ्या चाचणीने उपस्थित केली होती.

यातून एक सावधगिरी निघते. कानाला वाचवणारा पदार्थ मूळ औषधालाही निकामी करू शकतो. म्हणून केमोथेरपी चालू असताना कानाच्या रक्षणासाठी म्हणून कोणतेही पूरक औषध किंवा जीवनसत्त्वाची मोठी मात्रा आपल्या मनाने सुरू करू नये. तसेच कानात गुणगुण सुरू झाली म्हणून प्रतिजैविक किंवा कर्करोगाचे औषध परस्पर बंद करू नये. गुणगुण, कान दडपल्यासारखे वाटणे, बोलणे अस्पष्ट होणे, अंधारात चालताना तोल जाणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि निर्णय त्यांच्यासोबत घ्यावा.

तोल जाण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तोल सांभाळणारे इंद्रियही आंतरकर्णातच असते आणि त्यातही केसपेशी असतात. अ‍ॅमिकासिन आणि कॅनामायसिन मुख्यतः श्रवणावर परिणाम करतात, तर स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन बहुधा तोलावर. दोन्ही कानांची तोलक्षमता एकदम गेली तर गरगरणे फारसे जाणवत नाही. माणूस डगमगत चालतो आणि डोके हलताच समोरचे दृश्य हेलकावे खाऊ लागते. स्ट्रेप्टोमायसिनमुळे तोल गमावलेल्या एका डॉक्टरने १९५२ साली स्वतःचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात लिहिला होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोके इतके सूक्ष्म हलत असे की पुस्तकातली अक्षरे उड्या मारू लागत, आणि वाचण्यासाठी त्याला पलंगाच्या दोन धातूच्या गजांमध्ये डोके घट्ट टेकवावे लागे. अशा रुग्णांची ऑडिओमेट्री अगदी निर्दोष येऊ शकते, म्हणून तोलाची चौकशी वेगळी करावी लागते. डोके आणि नजर यांचा मेळ घालणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमित केले, तर डोळे आणि पायांच्या संवेदनांच्या आधारे मेंदू बराच तोल पुन्हा जमवतो.

कानात घालण्याच्या थेंबांबद्दल थोडक्यात सांगतो. कानाच्या पडद्याला भोक असेल तर निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेले थेंब मध्यकर्णात उतरतात आणि तिथून आंतरकर्णापर्यंत पोहोचू शकतात. अशा वेळी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब वापरणे अधिक सुरक्षित ठरते. घरात उरलेली जुनी बाटली, पडदा तपासून घेतल्याशिवाय, कानात रिकामी करू नये.

बहिरेपणा आलाच, तर उपचाराचा अर्थ उरलेल्या श्रवणाचा पुरेपूर उपयोग करून घेणे असा होतो. उंच स्वर गेलेल्या रुग्णासाठी श्रवणयंत्र त्याच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखाप्रमाणे, जुळवून घ्यावे लागते. सगळेच आवाज सारखे मोठे करणारे यंत्र त्याला त्रासच देते. काही यंत्रे ऐकू न येणारे उंच आवाज खालच्या कंप्रतेवर आणून ऐकवतात, त्याचा 'स' आणि 'श' ओळखायला उपयोग होतो. श्रवणयंत्रानेही शब्द कळत नसतील तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. केसपेशी गेल्या तरी श्रवणतंत्रिका बऱ्याच रुग्णांत शाबूत असते, आणि इम्प्लांट तिलाच थेट विद्युतसंदेश देते. त्यामुळे औषधामुळे बहिरे झालेल्यांना त्याचा चांगला लाभ होऊ शकतो. कानातली गुणगुण पूर्ण थांबवणारे औषध नाही, तरी श्रवणयंत्र, मंद पार्श्वआवाज आणि तिच्याकडे पाहण्याची मनाची सवय बदलणारे समुपदेशन यांनी तिचा जाच पुष्कळ कमी होतो.

लहान मुलांच्या बाबतीत विलंब फार महाग पडतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत शब्द आधीच साठलेले असतात, तो अर्धवट ऐकूनही वाक्य पुरे करतो. दोन वर्षांचे मूल मात्र त्या न ऐकलेल्या व्यंजनांशिवायच भाषा शिकत असते. सौम्य वाटणारी घटही त्याच्या उच्चारांत, वाचनात आणि वर्गातल्या अभ्यासात उमटते. शिक्षकांच्या गळ्यातल्या मायक्रोफोनमधून थेट मुलाच्या यंत्रात आवाज पोहोचवणारी साधने अशा मुलांना वर्गात फार उपयोगी पडतात.

उपचार संपल्यावर फाइल बंद करून ठेवू नये. औषध कानात रेंगाळते, म्हणून अमिनोग्लायकोसाइडनंतर काही महिने आणि सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांची काही वर्षे श्रवणतपासणी चालू ठेवावी लागते. या काळात फटाके, ध्वनिवर्धक आणि हेडफोनवरचा मोठा आवाज यांपासून कान जपावेत, कारण औषधाने दुखावलेल्या केसपेशींना गोंगाटाचा मार एरवीपेक्षा जास्त लागतो. पहिला आणि शेवटचा ऑडिओग्राम, मिळालेल्या औषधाचे नाव आणि एकूण मात्रा एका कागदावर लिहून जपून ठेवावी. जनुकातला बदल आढळला असेल तर तो कागद आई, भावंडे, मावश्या आणि मावसभावंडांपर्यंत पोहोचवावा, कारण पुढचे इंजेक्शन त्यांच्यापैकी कोणालाही लागू शकते.